कच्च्या टाक्यावरची दाढ

रूट कॅनॉल झालं की दाढ दुखायची थांबते. म्हणून ती बरी झाली असं समजू नका. मी समजलो आणि दाढ घालवायची वेळ आली. मी शिंपी. कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलो, मराठी लिहायला घरात शिकलो. लिहिण्यात चुका असतील, सांगण्यात नाही.

मला दवाखान्यात बायकोनं नेलं, धरूनच. मी म्हणत होतो, काढून टाका, कटकट जाईल. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "यांचं ऐकू नका. जन्मभर लोकांचे जुने कपडे दुरुस्त केले आणि स्वतःची वस्तू फेकायला निघालेत." तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा ती बाहेरच्या खुर्चीत बसून होती. शेवटच्या खेपेला दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं. दहा दिवसांनी वरून कॅप बसवायला या, तोवर डावीकडून चावू नका, असं सांगितलं. सूचनांचा कागद इंग्रजीत होता, तो आम्हा दोघांनाही वाचता येईना. पण बायकोनं सगळं कानांनी टिपलं होतं. परतीच्या बसमध्ये तिनं दोनदा म्हणून दाखवलं: "मिठाच्या पाण्याची चूळ, मऊ ब्रश, कॅप बसेपर्यंत उजवीकडून चावायचं. आणि दोरा दातानं तोडाल तर बघा."

दोऱ्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं, ते तिचं होतं. शिंप्याचे दोन्ही हात कापडात अडकलेले असतात, कात्री उचलणार कोण? दातच जवळ. माझ्या पुढच्या दातांना त्यानं खाचा पडल्या, तेव्हा मी दोरा डाव्या दाढेकडे न्यायला लागलो होतो. ती दाढ बिघडली ती अशी.

सहाव्या दिवशी बायको गेली. सकाळी चहा ठेवला, छातीत दुखतंय म्हणाली. आमच्या के. आर. पुरमच्या गर्दीतून ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

कॅपचा दिवस आला तेव्हा घरात सुतक होतं. नंतर सुतक फिटलं तरी मी गेलो नाही. दुखत नाही तर कशाला जायचं, असं सगळ्यांना सांगायचो. खरं ते हे, की दवाखान्यातली ती खुर्ची मला बघायची नव्हती. चावत मात्र उजवीकडूनच राहिलो, आठ महिने. तिनं सांगितलेल्यातलं तेवढं पाळलं.

आमच्या घरात मशीन माझं आणि हातकाम तिचं. हुक, काज, तुरपाई सगळं ती करायची. आता तेही मीच करतो. एका शेजारणीच्या ब्लाउजला हुक लावत होतो. गाठ मारली, दोरा डावीकडे नेला, दाबला. कट्ट. तळहातावर पांढरा तुकडा आला.

सून पुण्याची. इथं इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, त्या दिवशी घरूनच काम करत होती.

"बाबा, दाखवा बघू. अहो, दाढ तुटलीय! कॅप होती ना?"

"बसवलीच नाही."

"आठ महिने? आईंनी मला सांगितलं होतं, दहा दिवसांनी अपॉइंटमेंट आहे म्हणून!"

"मग आठवण का नाही करून दिलीस?"

तिनं लॅपटॉप मिटला. "मला वाटलं, तुम्ही जाऊन आलात. माझ्यावर नंतर चिडा, आधी चपला घाला."

अशी सून मला चालते. चपला घातल्या.

"स्वल्प बाय तेगीरी," डॉक्टरीणबाई सगळ्यांना म्हणतात तसं मलाही म्हणाल्या. जरा तोंड उघडा, असं. उघडलं. आत बघता बघता त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "आज अक्का आल्या नाहीत?"

"ती गेली. कॅपच्या चार दिवस आधी."

त्यांनी आरसा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "फोन तरी करायचा, अंकल. हे सिमेंट थोड्या दिवसांचं असतं. आत लाळ गेलीय."

"काढावी लागेल?"

फोटो काढला. नशीब, तुकडा हिरडीच्या वरच तुटला होता, मूळ चिरलं नव्हतं. आतून पुन्हा साफ करायचं, औषध भरून आठवडाभर थांबायचं. सूज आली नाही तर कॅप. आली तर मात्र खात्री नाही.

"काढायची नाही," मी म्हणालो. "ही तिनं राखलेली आहे."

"मग तुम्हीही राखा ना. मी एकटी काय करू?"

बोलणं लागलं, पण खरं होतं. आणि मी तर शिंपी! कच्चा टाका फिटिंग बघण्यापुरता असतो, तसला कोट घालून कुणी लग्नाला जात नाही. मी आठ महिने हिंडलो.

तो आठवडा मी इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. रोज चूळ, मऊ ब्रश, संध्याकाळी बोटानं हिरडी दाबून बघायची. सूज आली नाही. मग दाढ घासून माप घेतलं आणि पुढच्या आठवड्यात कॅप आली. सून सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. एकटा गेलो. बायकोच्या खुर्चीवर एक बाई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी बसलो.

बसवण्याआधी निळा कागद चावायला दिला. जिथं डाग उठला तिथं घासलं, पुन्हा चावायला दिला. आम्ही ट्रायलला खडूनं खूण करतो, तसंच. मला ते काम पसंत पडलं. आज मऊ खा, उद्यापासून दोन्ही बाजूंनी चावा, सहा महिन्यांनी दाखवायला या, असं सांगितलं. "सरी," म्हटलं, म्हणजे बरं. जाणार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी वाढून घेतली आणि घास डावीकडे नेला. दाढ घट्ट होती, कळ नाही. पण उजवीकडून चावा हा तिचा हुकूम कॅपपर्यंतच होता. तो आता संपला. घास तोंडात बराच वेळ राहिला. मग गिळला, आणि दुसरा घेतला, तोही डावीकडूनच.

दोऱ्याच्या हुकमाला तिनं मुदत घातली नव्हती. तिच्या हातकामाच्या डब्यातली छोटी कात्री नाडी बांधून गळ्यात घातली आहे. काम करताना ती छातीवर आपटते. आपटू दे.