नव्याण्णववर अडलेली पट्टी

रुमेना चिडली की आधी टेबलावरचा कॉफीचा कप बाजूला सरकवायची. प्लोवदिव शहरातल्या त्या कचेरीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. कप सरकला की जो तो आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसायचा.

त्या सोमवारी कप सरकला तो वेला मावशीमुळे. मावशी रुमेनाच्या वरच्या मजल्यावर राहायची. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गरम झऱ्यांवरच्या मोफत उपचारांचे अर्ज घेणारी वेबसाइट रुमेनाच्याच कंपनीने बनवलेली. एकेक अर्ज तपासायला सर्व्हरला बराच वेळ लागे, आणि तोवर एक हिरवी पट्टी सरकत राही. झरझर नव्याण्णव टक्के, मग ठप्प. पट्टी खोटी होती. काम कुठवर आलंय याचा तिला पत्ताच नव्हता; मालक बोयानने ती नुसती रंगवून घेतली होती. रुमेना तेव्हाही भांडली होती.

आदल्या दिवशी दोघी गॅलरीत मिरच्या भाजत बसल्या होत्या.

"नव्याण्णववर अडकलं गं, म्हणून पुन्हा दाबलं," मावशी म्हणाली. "मग परत. एक घाणा भाजून झाला की एकदा. बरोबर केलं ना?"

रुमेनाच्या हातातली मिरची तशीच राहिली. दर वेळी दाबलं की मावशीचा अर्ज रांगेच्या शेपटाला जात होता.

"लोकांना धीर येतो त्या पट्टीने," सोमवारी कचेरीत बोयान म्हणाला.

"धीर? थापा मारतोस तू! 'आलोच हं' म्हणून डॉक्टरने मागच्या दाराने घरी जावं, तसलं आहे हे!"

"बरं बाई, ओरडू नकोस. तुझ्या म्हातारीला गुपचूप पुढे घे. मी काही बघितलं नाही."

रुमेनाचा आवाज एकदम खाली आला. कचेरीला त्याचीच जास्त धास्ती.

"आणि बाकीच्या म्हाताऱ्या? मी त्यांची शेजारीण नाही, म्हणून त्यांनी लंगडत बसायचं?"

"खरा आकडा दाखवलास तर आपण किती रखडतो ते अख्ख्या गावाला कळेल!"

"कळू दे की, मेल्या!"

ती खुर्चीत बसली ती काम संपवूनच उठली. पहिल्यांदा दाबलं तीच जागा पक्की. नंतर कितीही दाबा, फरक नाही. पट्टीच्या जागी खरी रांग. बोयान पाठीमागे येरझाऱ्या घालत होता.

"वरून, सरकारी साहेबांचा फोन आला तर तू घ्यायचास."

"घेते. नंबर दे, मीच लावते!"

संध्याकाळी मावशीने मिरच्यांच्या बरणीला फोन टेकवून ठेवला होता. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "'तुमच्यापुढे एकोणचाळीस जण. पान बंद केलंत तरी जागा जाणार नाही.' मघाशी साठ होते गं!"

"पुन्हा दाबलंस?"

"दाबून बघितलं. दाबल्याने ढिम्म हलत नाही."

"हलणारच नाही. पहिल्यांदा दाबलंस तेव्हाची जागा तुला परत मिळालीय. जाशील तू झऱ्यावर."

मावशी हसली. रुमेनाला मात्र हसू येईना. तिने एक भाजलेली मिरची उचलली आणि तिचं साल असं ओरबाडलं, की जणू बोयानच हाती लागलाय.