फ्लॉपीवरून उलटी उतरवलेली फाइल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही.

गंगाखेडजवळ ऊस नोंदणीच्या एका ऑफिसात तेव्हा नुकताच संगणक आला होता. मी ऑपरेटर, आणि माझ्या हाताखाली झरीची नलिनी. तिच्या घरात नोकरी लागलेली ती पहिलीच.

मी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायचो. ती निळ्या मेनूत बाणाची बटणं दाबत बसायची. मी चिडवायचो — गिरवल्याशिवाय जमत नाही का तुला? ती म्हणायची, "माझं मेनू इचारतंय तरी सर, जुन्या फाइलीवर लिहू का म्हणून. तुमचं काळं तर काहीच इचारत न्हाई." मी हसायचो. काय तो माझा तोरा!

रोज संध्याकाळी संगणकातली ताजी फाइल फ्लॉपीवर उतरवायची, म्हणजे काही बिघडलं तर मागची प्रत हाताशी. आज्ञेत आधी कुठून ते लिहायचं, मग कुठे. त्या दिवशी मी — घाईत होतो म्हणणार नाही, घाई नव्हती — उलटं लिहिलं. फ्लॉपीवरची शिळी फाइल ताज्या फाइलवर जाऊन बसली. नलिनीनं गावोगावच्या दुरुस्त्या भरल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या. आणि तोडणी तर तोंडावर आलेली.

मला कळलं होतं. लगेच कळलं होतं.

सकाळी साहेब कडाडले, तेव्हा मी गप्प राहिलो. नुसता गप्पच राहिलो असतो तर? नामांतराचे दिवस होते. नलिनीचं घर झरीच्या कुठल्या वस्तीत आहे हे साहेबांना माहीत होतं. तिच्याकडे बोट गेलं तर त्यांना चटकन पटेल, हे मला माहीत होतं. मी त्यावरच विसंबलो. आजही स्वतःची किळस येते.

साहेबांनी तिलाच जाब विचारला. ती रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुमी सांगा की साहेबाला. मेनू इचारल्याबिगर लिहीत न्हाई, तुमाला तर ठाव हाय." तिचा चेहरा निवळला होता — सर आता बोलतील.

मी बोललो. म्हणालो, मेनूनं विचारलं असेल साहेब, हिनं न वाचताच होय म्हटलं असणार.

दुपारच्या एसटीनं ती गावी गेली. मी त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो.