अर्ध्याची रेघ

हे गेले त्या दिवशी सकाळी नर्सनं थर्मामीटर काढून ताप किती ते सांगितलं. यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. "अवो, तू पाह्य." मी खिडकीशी जाऊन पाहिलं, तेवढाच होता. "एकडाव आनखी पाह्य…" नर्स हसली. मी मात्र चिडले. म्हटलं, ताप आहे तो, इंजिनाचा शाफ्ट नव्हे! दुपारी हे गेले. शेवटचं काय बोलले म्हणून लोक विचारतात, तेव्हा मी काहीतरी गोड रचून सांगते. खरं बोलणं हे असं माझ्या चिडण्यावर संपलेलं.

एकट्यानं वाचलेलं माप हे कधी खरं धरत नसत. शिंप्यानं घेतलेलं माप असो की दारावरच्या दुधवालीचं, दुसऱ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यांना चैन पडत नसे. मुलं हसायची, मीही हसायची. याची सुरुवात आमच्या लग्नानंतरच्या वर्षातली. पन्नासचं दशक सरत आलं होतं, बाजारात नवे पैसे आले होते आणि चंद्रपूरला अजून सगळे चांदाच म्हणत होते. हे तिथल्या एका इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात टर्नर होते, लेथवर लोखंड कातणारे. भातगिरण्यांची ऑइल इंजिनं यायची, सगळी इंचातली. इंच नि सूत यांच्या बोटांत मुरलेलं. मग मिलिमीटरची इंजिनं यायला लागली आणि शेठनं केसाएवढी जाडी मोजणारा नवा मायक्रोमीटर यांच्या हातात ठेवला. शिकवायला कोणी नव्हतं. डबीतल्या कागदावरचं चित्र पाहून हे आपले आपणच शिकले आणि आपल्याला आलं असं समजले.

त्या हंगामात वैनगंगेपलीकडच्या, गडचिरोलीच्या बाजूच्या एका गिरणीचं इंजिन बिघडलं. हे जाऊन शाफ्टच्या पिनेचं माप घेऊन आले, चांद्याला त्या पिनेवर बसणारी बुश बनवली आणि मोटारीनं पाठवून दिली. गिरणीवर इंजिन चालवणारे सोमाजी, त्यांनी ती बसवली. काही दिवसांत चालत्या इंजिनाचा दांडा तुटून उडाला आणि सोमाजींच्या उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. तपासताना कळलं, बुश मुळातच अर्ध्या मिलिमीटरनं सैल होती. हे घरी आले, हातपाय न धुता ओट्यावर बसून राहिले आणि एवढंच म्हणाले, "मी वाचाले चुकलो."

पुढच्या रविवारी हे मायक्रोमीटर घरी घेऊन आले. मला म्हणाले, तू शीक. मी चौथी पास, मला कशाला ही उठाठेव? तर म्हणाले, "माह्या डोयावर आता माहा भरोसा नाई राह्यला." मग दुपारची जेवणं झाली की आम्ही ओट्यावर उन्हात बसायचो. आडव्या रेघेच्या वर पुऱ्या मिलिमीटरच्या खुणा, खाली अर्ध्याच्या. फिरत्या नळीवर पन्नास खुणा; नळी एकदा पुरी फिरली की अर्धा मिलिमीटर. आम्ही तेंदूचं पान मोजलं, माझी बांगडी मोजली, सासूबाईंचा केस माझ्या केसापेक्षा बारीक निघाला तेव्हा त्या दिवसभर फुगून बसल्या. खोटं कशाला बोलू, मला फार मजा येत होती. नवरा शेजारी बसून माझ्याशी इतकं बोलतो आहे, याचंच अप्रूप. कशापायी बोलतो आहे हे ठाऊक असूनही मी ते सुख घेत होते. आज त्याची लाज वाटते.

एका रविवारी यांनी एक खिळा धरला, नळी फिरवली आणि विचारलं, "किती?" खाली अर्ध्याची रेघ दिसत होती. ती धरून मी झटकन सांगितलं. यांचा चेहराच उतरला. "नळीचं शून्य याले दोन खुना बाकी हायेत. रेघ नुसती डोकावून राह्यली, पुरी नाई आली. ते धराची नसते." यांची चूक ती हीच. मला वाटलं, आता यांचं मन हलकं करावं. म्हटलं, "बघा, कोणीही चुकेल की!" हे मायक्रोमीटर पुसत म्हणाले, "तू चुकली त कोनाचा हात नाई गेला."

त्या वर्षीपासून दिवाळी झाली की हे रजा काढून सोमाजींच्या गावी धान कापायला जायचे. सोमाजींना विळा धरता येत नव्हता, त्यांची मुलं लहान होती, तोवर मी समजून घेतलं. मुलं मोठी झाली तरी हे जातच राहिले. आमच्या पोरांच्या सुट्या वाया जायच्या, मी तोंड सोडायची. त्या माणसानं यांना जन्माचं वेठीला धरलंय, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. सोमाजी कधी चांद्याला आले, नवे तांदूळ घेऊन आले, की मी दारातच पिशवी घ्यायची आणि हे घरी नाहीत म्हणून सांगायची. बरेचदा ते खरंही असायचं.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या गावी गेले. धान कापणीला आलं होतं आणि हे आता येणार नाहीत हे कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. सोमाजी आता थकलेत. त्यांना आधीच कळलं होतं. मी म्हटलं, यांच्या हातून तुमचं फार नुकसान झालं, माफ करा. ते म्हणाले,

"वयनी, बुश ढिली हाय हे मले बसवतानाच समजलं होतं. हंगाम होता, मालक गरम होऊन राह्यला होता. मी फटीत पत्र्याचा तुकडा घातला अन् चालू केलं. भाऊले पयल्याच साली सांगतलं हे."

"मग हे काय म्हणाले?"

"म्हने, पत्रा आत गेला काऊन? जागा होती म्हनून गेला. जागा त मी ठेवली. अन् लागले कापाले. भाऊले कापता येत नव्हतं वयनी. आमचं पोट्टं चार ओळी काढे तवा भाऊची एक होये. आमी त्याईले काई म्हनत नव्हतो. आला त आला, आपलाच मानूस."

हे मला घरी कधीच सांगितलं नाही यांनी. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, झालं तर मग, सुटलात तुम्ही. यांना सुटायचं नव्हतं, एवढं आता मला कळतं. पण सोमाजींवर मी जो राग पोसला त्याचं काय? मी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत कधी?

सोमाजी अगदी साध्या आवाजात, कसलाही राग न धरता म्हणाले, "आलो होतो ना वयनी, दोन-चारदा. तुमी बसा नाई म्हनलं."

मी खाली पाहिलं. ज्या चटईवर बसून मी हे ऐकत होते, ती मी अंगणात पाय ठेवला तेव्हाच त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी आणून टाकली होती.