पुनर्जन्म न मानणारीचा भेडाघाट

जबलपूरला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. माझ्या नणंदेची सून नेहा म्हणाली, "मामीजी, पिहू की स्कूल पिकनिक भेडाघाट जा रही है और मम्मीजी भेज नहीं रहीं. आप आकर समझाइए न."

भेडाघाट म्हणजे नर्मदेचे संगमरवरी कडे, नावेतून बघायचे, त्यांच्या घरापासून रिक्षानं तासाभरावर. पिहू सहा वर्षांची झाली तरी तिनं ते पाहिलेले नव्हते. कारण मला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी माझे यजमान धरणात बुडून गेले. पुढल्या वर्षी पिहू जन्मली, कानामागे त्यांच्यासारखाच तीळ घेऊन. तेव्हापासून माझ्या नणंदेसाठी, सुमनताईंसाठी, ती नात नाही, परत आलेला धाकटा भाऊ आहे. पाण्यानं एकदा नेलेल्याला पुन्हा पाण्याजवळ कोण जाऊ देईल?

मी आत्मा मानत नाही, पुनर्जन्मही नाही. माझी शाळा दहावीला सुटली, पुढचं वाचनालयानं शिकवलं. हे गेल्यावर या विषयावरचं मिळेल ते वाचलं, दोन्ही बाजूंचं. खरं सांगायचं तर कुठेतरी पटावं म्हणूनच वाचत होते. पटलं नाही.

नागपूरहून सकाळची बस घेतली. सिवनीमार्गे सहा-सात तास लागतात आणि रस्ता सुरेख आहे. पेंचच्या जंगलात तो खांबांवर उचलला आहे, जनावरांना खालून जाता यावं म्हणून. वर दोन्ही बाजूंना आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंती. वाघाच्या झोपेची एवढी काळजी माणसानं घ्यावी, याचं मला फार कौतुक वाटलं. सिवनीला चहा-समोसा होतो. डबा नेला नाही तरी चालेल.

ताईंचं घर जबलपुरातल्याच गोरखपूर भागात, बाजाराला लागून. फाटकातच त्यांनी मला जवळ घेतलं. "किती वाळून राहिली वं शोभा." मग पिहूला यांच्याच घरच्या नावानं हाक मारत पुढं केलं. "बाळ्या, ओळखलं का ही कोण आहे?"

"मामीआजी. मम्मी ने बताया."

नेहाला हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत.

संध्याकाळी खव्याची जिलबी आणली. जबलपूरला गेलात तर ही चुकवू नका. काळपट, जाड, गरमच खायची. दोन खाल्ल्या की जेवण नको. ताईंनी पहिली पिहूच्या हातात दिली. "बाळूला लय आवडे."

"ताई, जिलबी कोणाला आवडत नाही?"

"तुला मानायला काय होते? मानलं असतं तर अशी झुरत नसती राहिली."

"पण मी कोण हेसुद्धा तिला नेहानं सांगितलं. आमचा संसार, आमची भांडणं, काहीच तिला आठवत नाही. मग यांचं तिच्यात उरलं काय?"

"तीळ."

"तीळ तुमच्याही कानामागे आहे. सासूबाईंच्याही होता."

"मग तो दुसऱ्याच्या घरी काहून जाईल? आपल्याच घरी येईल नं."

एवढं वाचलेली मी, हात दुसऱ्या जिलबीकडे गेला. वाद सोडून मी म्हणाले, "उद्या तिला भेडाघाटला नेऊ या. तुम्हीही चला."

"तू बसशील नावेत?"

"भीती मलाही वाटते. पण ती माझी भीती आहे. त्या पोरीला काहून द्यायची?"

ताई उठून आत गेल्या. सकाळी बघते तर चपला घालून दारात उभ्या.

रिक्षा जाऊन-येऊन ठरवावी, नाहीतर परतताना खोळंबा होतो. आधी धुआँधार धबधबा पाहिला. नर्मदा इथं अशी कोसळते की पाण्याचा धूर होतो आणि कठड्याशी उभं राहिलं तरी चष्मा भिजतो. मग पंचवटी घाटावर. नावा इथून सुटतात, पावसाळ्यात बंद असतात. माणशी तिकीट घेऊन इतरांबरोबर बसावं, खिशाला परवडतं. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्या.

जॅकेट घालून पिहू पायरीवर उभी. ताईंनी तिचा हात धरलेला, तो सुटेना. नाव भरली होती.

"अम्माजी, चलना है कि नहीं?" नावाडी म्हणाला.

तेवढ्यात पिहू म्हणाली, "आजी, तुम भी चलो न."

ताईंनी तिचा हात माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि त्या स्वतःच आधी नावेत उतरल्या. मग दोन्ही हात पुढं केले. "आण त्याला इकडे. मागच्या वेळी मी नव्हती. आता आहो."

दोन्हीकडून कडे वर चढत गेले. पांढरे, गुलाबी, मधूनच काळे, आणि पाणी हिरवं, निवांत. नावाड्याची तुकबंदी सुरू झाली. "दाएँ देखो दूध की दीवार, बाएँ देखो सास का प्यार, दोनों पत्थर हैं सरकार." ताईसुद्धा हसल्या. एके ठिकाणी कडे असे जवळ येतात की वाट संपलीच वाटतं. तिथं पिहूनं वाकून पाण्यात हात घातला. ताईंनी पाहिलं. डोळे मिटले. जॅकेटचा पट्टा मुठीत घट्ट धरला, पण पोरीचा हात बाहेर ओढला नाही.

नागपूरला परतल्यावर शनिवारी नेहानं पिकनिकचा फोटो पाठवला. वर्गातल्या मुलांमध्ये पिहू, मागे नर्मदा. मग ताईंचा फोन आला. "बाळू आता पाण्याला भिऊन नाही राहिला."

मी दुरुस्त केलं नाही. गेलेलं माणूस येत नाही, हे माझं मत आहे तिथंच आहे. यांची आठवण रोज येते, तीही आहे तिथंच. फक्त त्या घाटाचा विचार अजून सुटत नाही. मला काय, माझ्या लेखी ती एक गोड पोर होती आणि एक नावेची सैर. ताईंच्या लेखी तो भाऊ होता, आणि त्याला एकदा नेलेलं तेच पाणी. मी न मानता नावेत बसले. त्या मानून बसल्या.