पाळण्यातली बुखारी

लेबल म्हणजे काय ते मला नोकरीच्या तिसऱ्या दिवशी कळलं. नीट कळलं नव्हतं, हे बरंच नंतर कळलं.

मोहालीतल्या आमच्या ऑफिसात लोक आपली गाणी पाठवतात आणि आम्ही ती सगळ्या म्युझिक ॲपवर पोचवतो. पण गाणं एकटं जाऊ शकत नाही. ते कुणाच्या तरी नावाखाली जावं लागतं, आणि ते नाव म्हणजे लेबल. आधी मला वाटायचं की लेबल म्हणजे मोठी इमारत, काचेच्या पलीकडे हेडफोन लावून बसलेली माणसं. प्रत्यक्षात शेजारच्या खरड गावातल्या भाड्याच्या खोलीतून दोन मित्र येतात आणि म्हणतात, "मॅडम जी, लेबल बनवायचंय." मी नवीन प्रोफाइल उघडते. लेबलचं नाव, लोगो, मालक, हक्क कुणाकडे, गायक, संगीतकार, गीतकार. वीस मिनिटांत लेबल तयार होतं, आणि ते दोघे त्याचा स्क्रीनशॉट काढून गावी पाठवतात.

मला हे काम आवडायचं. माणसांशी बोलताना माझं वाक्य अर्ध्यात अडकतं, रिकाम्या चौकटींशी तसं होत नाही. चौकट एक प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसते.

आमच्या सीनियर मॅडम पटियाळ्याच्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक नियम सांगितला होता. गीतकार माहीत नसेल तर आधी सगळ्यांना विचार, आणि कुणालाच माहीत नसेल तरच तिथे 'पारंपरिक' टाक. पंजाबी लग्नातली गाणी इतकी यायची, आणि ती कुणी लिहिली हे विचारलं की लोक इतके हसायचे, की हळूहळू नियमाचा दुसरा अर्धाच माझ्या लक्षात राहिला.

आता घराबद्दल. पप्पा फौजेत होते. शेवटची पोस्टिंग इथली, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही चंदीगडलाच राहिलो. मम्मी साताऱ्याची. ती माझ्याशी मराठीत बोलते आणि मी हिंदीत उत्तर देते. शाळा सगळ्या इंग्रजी, त्यामुळे लहानपणापासून तसंच चालत आलंय. मराठी मला कळते सगळी. निदान मी तसं समजत होते.

मम्मीच्या ओळखीच्या इथल्या मराठी बायका, काही फौजी कुटुंबांतल्या, काही मोहालीत आयटीत नोकरी करणाऱ्या, बारशाला जमतात. सासर-माहेर इतकं लांब की बाळाच्या आत्याची जागाही कधी कधी शेजारीण घेते. पाळणा मात्र मम्मीच म्हणते. पहिल्या दिवशी हे झालं, दुसऱ्या दिवशी ते झालं, असं करत बाराव्या दिवसापर्यंत. बाकीच्या शेवटची ओळ धरतात. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी बाळाचं नाव त्या एकाच पाळण्यावर ठेवलं गेलंय.

मोहालीतल्या एका सोसायटीत, बाराव्या मजल्यावर असंच बारसं होतं. बाळाच्या आईने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं आणि म्हणाली, "काकू, हे ॲपवर टाकूया ना. रोज रात्री हिला लावता येईल. तुमची लेक तेच काम करते ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातली घुगऱ्यांची वाटी बघत राहिले.

"लेबलला नाव मराठीच हवं," एक जण म्हणाली.

"मराठी ठेवलंस तर इथले लोक वाचणार कसं?"

"त्यांनी कशाला वाचायचं? त्यांना अंगाई हवीये होय?"

"आमचे हे म्हणतात, लोगोत चंद्र घाला."

"त्यांना म्हणावं, तुम्ही आधी बाळाचं दुपटं बदला. मग चंद्राचं बघू."

शेवटी नाव मराठी ठरलं आणि लोगोत पाळणा आला. मालक म्हणून मम्मीचं नाव टाकायचं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. ती वयाने मोठी होती, आणि तिच्या घरात मी होते. एका रविवारी सहा गाणी नीट रेकॉर्ड झाली. सोमवारी ऑफिसात मी प्रोफाइल भरायला घेतलं आणि गीतकाराच्या चौकटीपाशी येऊन मम्मीला फोन लावला.

"मम्मी, पाळणा किसने लिखा है?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "अगं, पाळण्याला कोण लिहिणारं असतं?"

मी 'पारंपरिक' निवडलं. सहाही गाण्यांना.

चारेक महिने सगळं ठीक होतं. मग एका सकाळी माझ्याच स्क्रीनवर तक्रार आली. दक्षिणेतल्या एका शहरातल्या दुसऱ्या लेबलने तोच पाळणा टाकला होता. गायिका आणि गीतकार एकच, आणि ते नाव मी ओळखत होते. ती बाई तीन वर्षं इथे होती, नवरा हवाई दलात, तिच्या मुलीचं बारसं आमच्याच हॉलमध्ये झालं होतं. तक्रारीत म्हटलं होतं की ही रचना तिची असून आमच्या लेबलने ती परवानगीशिवाय वापरली आहे. पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर आमचं गाणं उतरवलं जाईल आणि रचना तिच्या नावावर राहील.

मला आधी रागही आला नाही. मला फक्त कळेना की जे कुणाचंच नाही ते कुणी आपलं कसं म्हणू शकतं. मी मॅडमना विचारलं.

"यार, पारंपरिक तूने ही लिखा है," त्या म्हणाल्या. "जिसका कोई मालिक नहीं, उसका जो पहले नाम लिख दे. तेरे पास कुछ सबूत है कि गाना पुराना है? कोई किताब, कोई कैसेट?"

मी दिवसभर शोधलं. पाळण्यांच्या पुस्तकांची पानं, जुनी रेकॉर्डिंग, बायकांचे व्हिडिओ. चाल सापडली, पहिल्या दिवसाच्या ओळी थोड्याफार सापडल्या. आमचा पाळणा कुठेच नव्हता. मग मी त्या बाईचं रेकॉर्डिंग आणि आमचं, दोन्ही एकामागोमाग ऐकली. शब्दन् शब्द तोच. फक्त पाचव्या दिवसाला फरक होता. आमच्यात होतं,

पाचव्या दिवशी बर्फ आला दारी,
बुखारीच्या उबेला निजली स्वारी.

तिच्यात बुखारीच्या जागी शेगडी होती.

मी ते दोनदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा ऐकताना हेडफोन काढून ठेवला. साताऱ्याकडे दारात बर्फ कुठून येईल?

ही ओळ मी जन्मापासून ऐकत होते. बर्फाबद्दल मला कधी प्रश्नच पडला नव्हता. पाळण्यात सोन्याच्या साखळ्या येतात, चंद्र येतो, तसा बर्फही आला असेल. आणि बुखारी? न कळलेला प्रत्येक मराठी शब्द मी साताऱ्याकडचा मानून सोडून देते. बुखारीही तशीच सोडून दिली होती.

संध्याकाळी घरी जाऊन मी पप्पांना विचारलं, "बुखारी क्या होती है?"

"लोखंडी शेगडी," ते म्हणाले. "वर धुराडं असतं, छतातून बाहेर जाणारं. डोंगरावर फौजी क्वार्टरमध्ये असायची. तू झालीस तेव्हा आपल्याकडे होती की. तुला आठ महिन्यांची घेऊन खाली आलो, तुला काय आठवणार?"

मम्मी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मी तक्रारीबद्दल सगळं सांगितलं. ती आधी हसली. "तिने लिहिला म्हणे? बरं." मग थोड्या वेळाने, "तिची पोरगीही त्यावरच झोपली ना. राहू दे."

"तूने लिखा है मम्मी?"

"तिथे पाळणा म्हणायला कुणी नव्हतं. आईला फोन लागायचा नाही, बर्फात लाइन पडायची. पहिल्या दिवसाच्या ओळी आठवत होत्या. पुढचं मग मीच जोडलं. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

पप्पा पेपर खाली ठेवून तिच्याकडे बघत होते. "मला वाटलं, तुझ्या आईकडून आलाय."

"तुम्ही विचारलंत का?"

पप्पांनी पेपर पुन्हा उचलला, पण वाचला नाही.

मला वाटलं होतं की आता ती मला उत्तर लिहायला सांगेल. तिने नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "भांडण नको बाई. मी तिच्या डोहाळजेवणाला गेलेय." तिसऱ्या दिवशी विचारलं तर, "नाव लावून काय करायचंय? बारशाला काय कुणी पावती मागतं?" मला दोन्ही वेळा पटलं, आणि दोन्ही वेळा पटलंय याचंच वाईट वाटलं. पण त्याच दिवशी घरी आले तर हॉलमध्ये पप्पांची काळी ट्रंक उघडी होती, झाकणावर पांढऱ्या रंगातलं त्यांचं नाव भिंतीकडे. जुने स्वेटर सोफ्यावर होते. डायनिंग टेबलावर युनिटच्या छापील रजिस्टरसारखी एक वही पडली होती. मम्मी म्हणाली, "मी डांबरगोळ्या टाकत होते." डांबरगोळ्या कुठेच दिसत नव्हत्या.

वहीत मम्मीच्या अक्षरात पाळण्याचे बारा दिवस होते. पाचव्या दिवसाखाली दोन ओळी खोडून तिसरी ठेवली होती. खोडलेल्या ओळी वाचण्याइतकी माझी मराठी बरी आहे. एकीत बुखारी विझली होती. मी वही मिटली. ती माझ्यासाठी लिहिलेली होती, तरी मला दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं झालं.

मी पानाचा फोटो काढला. पाठवायचा की नाही, ठरवलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी उत्तराचा फॉर्म उघडून बसले होते. मॅडम म्हणाल्या होत्या, "मम्मी की हाँ चाहिए, तेरी नहीं." मग फोन वाजला. मम्मी ऑफिसच्या वेळात कधीच फोन करत नाही.

"त्या चौकटीत एकदा नाव लिहिलं की बदलता येतं का?"

"येतं," मी म्हणाले. त्या वेळी मी मराठीत का बोलले, माहीत नाही. "पण खूप अवघड जातं."

"मग लग्नाआधीचं लिही."

मला क्षणभर समजलं नाही. "आडनाव?"

"नाव. आणि आडनावही."

लग्नात मम्मीचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने नवं नाव लिहून. मला हे माहीत होतं; लग्नाच्या अल्बममध्ये त्या ताटाचा फोटोही आहे. पण जुनं नाव कुणी घेताना मी ऐकलं नव्हतं. आजोळी सगळे तिला ताईच म्हणतात. तिने ते फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

"पण मम्मी, पाळणा तर तू नंतर लिहिलास. तेव्हा तुझं नाव..."

"तुला विचारलं का मी?" ती म्हणाली. आवाज चिडलेला नव्हता. "लिही."

मी लिहिलं. सिस्टिमने विचारलं, या नावाची गीतकार नोंदीत नाही, नवीन तयार करायची का? मी हो म्हटलं. वहीच्या पानाचा फोटो जोडला. मॅडम मागून स्क्रीन बघत होत्या. त्यांनी मालकाच्या चौकटीतलं नाव वाचलं, मग गीतकाराच्या.

"ये मालकिन तो तेरी मम्मी है. और ये कौन है?"

"ये भी मम्मी है."

"पक्का?"

मी मान हलवली. पण पक्कं असं मला काहीच वाटत नव्हतं.

शनिवारी मम्मीचा फोन वाजला. समोर तीच होती, दक्षिणेतली. मम्मीचे हात पिठाचे, म्हणून मी स्पीकर लावला.

"ताई, कशा आहात? एक विचारायचं होतं. आपला तो पाळणा नाही का, तुम्ही म्हणायचा तो? मी माझ्या मुलीसाठी थोडा बदलून टाकला होता. फॉर्ममध्ये कोणी लिहिला विचारतात, मी आपलं माझंच नाव टाकलं. पारंपरिकच तो, कोण विचारतंय! ती तक्रारबिक्रार आमच्या टीमने आपणहून टाकलेली हो, लेबल तुमचं आहे हे मला माहीतच नव्हतं. आता तिकडून कुणाचं तरी नाव आलंय, वहीचा फोटोही आहे. मला फार लाज वाटली हो. या बाई कोण? ओळखता का?"

मी मम्मीकडे बघत होते. ती कणीक मळत राहिली.

"ओळखते," ती म्हणाली. "पूर्वी चांगलीच ओळख होती."

"मग माझ्यातर्फे सॉरी सांगा त्यांना. मी गाणं काढून टाकते."

"काढू नकोस गं. पोरीसाठी गायलंयस. नाव तेवढं तिचं घाल."

फोन ठेवला. मला विचारायचं होतं की तू तिला खरं का नाही सांगितलंस, की हे तिला लाजवायचं नव्हतं म्हणून, की आणखी काही होतं. पण माझं वाक्य नेहमीसारखं अर्ध्यात अडकलं, आणि तेवढ्यात मम्मीने कणकेचा गोळा परातीत आपटला.

"अरे देवा. मुख्य सांगायचंच राहिलं. लाव, परत लाव तिला."

"क्या हुआ?"

"शेगडी काढ म्हणावं. शेगडीने काय होणार त्या बर्फात? बुखारीच हवी."