क्लच नसलेली गाडी

ज्या मंगळवारी सकाळी माझे पती गेले, त्याच मंगळवारी दुपारी शोरूममधून फोन आला. गाडी आली आहे, असं पलीकडचा विक्रेता म्हणाला. पतींना दवाखान्यातून आणायला माणसं गेली होती. मी म्हटलं, "ते घरी नाहीत."

"कोई बात नहीं मॅडम. सर आए तो बोल दीजिए."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

आंध्र प्रदेश राज्याचे दोन भाग झाले त्या वर्षीची ही गोष्ट. माझे पती सचिवालयात नोकरीला होते, आणि कोण कोणत्या राज्याच्या वाट्याला जाणार हे तिथे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी आले की चहा घेताना म्हणायचे, "आज आमच्या मजल्यावरची कपाटं वाटली. माणसं राहिलीत अजून." आमच्या घराला हे नवीन नव्हतं. जुनं हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा सासऱ्यांचं गाव एकीकडे गेलं आणि सासरे इथे हैदराबाद शहरात राहिले. त्यावर घरात फारसं कुणी बोलत नसे. आपल्याकडे असं होत असतं, इतकंच.

ते जन्मभर स्कूटरवर फिरले. एक दिवस जेवताना म्हणाले, "गाडी बुक केलीय. छोटीच आहे." मी विचारलं, "आता कशाला?" ते म्हणाले, "असू दे." एवढंच आमचं बोलणं झालं. ते कशाचंही कारण सांगणाऱ्यातले नव्हते, आणि मी कारण विचारायचं कधीच सोडून दिलं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या टेबलावर मला गाडीचं माहितीपत्रक सापडलं. मी जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवत असे. कवीला इथे काय म्हणायचं आहे, हा प्रश्न मुलांना विचारण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. सवयीनं मी पेन्सिल घेऊन बसले. छत उंच, त्यामुळे आत बसताना वाकावं लागत नाही. लांबी कमी, त्यामुळे गल्लीत वळते. मागची सीट साठ-चाळीस. हे कसले गुण, ते मला बराच वेळ कळलं नाही. नंतर चित्रावरून उमजलं की पाठ दोन तुकड्यांत दुमडते आणि सामानाला जागा होते. ड्रायव्हरची सीट वर-खाली होते. गिअर आपोआप पडतात, क्लच नाही. क्लचवाली गाडी लगेच मिळत होती. त्यांनी मुद्दाम ही मागवली होती आणि तिच्यासाठी थांबून राहिले होते. प्रत्येक ओळ मला समजत होती. त्यांना काय म्हणायचं होतं, ते समजत नव्हतं.

शोरूममधून पुन्हा फोन आला. आठवड्यात घेतली नाही तर गाडी पुढच्या माणसाला जाईल. त्यांनी स्वतः निवडलेली ही शेवटची वस्तू होती. ती घ्यायची की जाऊ द्यायची, ते मला ठरवायचं होतं.

थोरल्या नणंदेला, अक्कांना, यात ठरवण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्या दिलसुखनगरहून रिक्षा करून आल्या आणि चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "वर्षाच्या आत नवं वाहन दारात येत नाही. नाही म्हणून सांगून टाक."

माझे धाकटे दीर वकील. ते खुर्चीत सरसावून बसले. "अक्का, ही नवी कुठंय? दादानं जिवंतपणी बुक केली. म्हणजे ती दादाची गाडी. दादाची झाली म्हणजे जुनी."

"तुझी वकिली कोर्टात कर."

"कोर्टात निदान ऐकून तरी घेतात."

"आणि चालवणार कोण? तू? तुझी स्कूटर रोज फाटकाला लागते."

"हौ, फाटकच मधे येतं."

मला हसू आलं. मग आपण हसलो म्हणून भीती वाटली. दोघांनी न पाहिल्यासारखं केलं.

"पण त्यानं घेतली कशाला?" अक्का म्हणाल्या आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "त्याचा डावा गुडघा. स्कूटरवर पाय टाकताना तोंड कसं करायचा. क्लच दाबवला नसता त्याला."

"छे. नोकरी आंध्रात गेली असती तर जाऊन-येऊन करायला घेतली," दीर म्हणाले. "मला म्हणाला होता, घर काही हलवणार नाही."

हे मला नवीन होतं. घर न हलवण्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

तिसरं एक कारण माझ्या मनात होतं, ते मी सांगितलं नाही. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांच्या मित्राची गाडी घेऊन नामपल्लीच्या प्रदर्शनाच्या मैदानामागे मी चालवायला शिकत होते. क्लच सोडला की गाडी आचका देऊन बंद पडायची. पाय नीट पोचत नव्हते, समोरचं काही दिसत नव्हतं. शेवटी मी मधेच उतरले आणि पायी घरी आले. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. ते त्यावर त्या दिवशी काही बोलले नाहीत, नंतरही नाही. त्यांच्या लक्षात तरी होतं का?

दिरांबरोबर मी शोरूममध्ये गेले. विक्रेता हसत पुढे आला. "सर नहीं आए?"

दीर माझ्याकडे वळले. "वहिनी, यांना सांगितलंच नाहीत?"

मी मान हलवली. मग विक्रेत्याला सांगितलं. काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून असेल, त्याने गाडीचं दार उघडलं आणि माहिती सांगायला सुरुवात केली. इथे पाण्याची बाटली. इथे छत्री. मागे घेताना काही आडवं आलं तर आवाज येतो. बोलता बोलता त्याने मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. समोर मला फक्त स्टिअरिंग दिसत होतं. त्याने सीटच्या कडेचा दांडा खाली-वर केला आणि मी हळूहळू वर आले. बॉनेट दिसलं, काचेबाहेरचा रस्ता दिसला.

"सर भी ऐसेच ऊपर करके बैठे थे," तो म्हणाला. "पूरी ऊपर. सर तो लंबे, सिर छत को लग रहा था. हँस रहे थे."

ते चांगले उंच होते. त्यांना सीट वर घ्यायची काहीच गरज नव्हती.

"क्यों ऊपर किए थे?" मी विचारलं.

"मालूम नहीं मॅडम. मैं पूछा नहीं."

"गुडघा," दीर खिडकीतून म्हणाले. "उंचावरून उतरायला बरं पडतं. अक्काचं बरोबर असेल."

असेल. माझ्यासाठी बसून पाहिलं असेल, किंवा दांडा कसा चालतो एवढंच पाहिलं असेल. ते शोरूममध्ये हसले होते, हे मात्र मला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"घ्यायची," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की काहीच नाही. पण घ्यायची."

गाडी माझ्या नावावर करण्यात काही दिवस गेले. न्यायला गेलो त्या दिवशी तिथल्या मुलींनी रिवाजाप्रमाणे हार, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं, सगळं मांडून ठेवलं होतं. दीर अडखळत त्यांना काही समजावत होते, तेवढ्यात रिक्षातून अक्का उतरल्या. आता या सगळ्यांसमोर मला बोलतील, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. अक्कांनी तबक हातानं बाजूला सारलं.

"हे सगळं नव्या गाडीला असतं," त्या म्हणाल्या. "ही त्याची आहे. जुनी आहे. नुसती घरी न्यायची."

मुद्दा दिरांचाच होता. अक्का मागचं दार उघडून आत बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वाकावं लागत नाही गं."

वर्ष होईपर्यंत गाडी जवळजवळ उभीच होती. मग मी शिकले. या गाडीत डाव्या पायाला काही काम नसतं. सुरुवातीला तो कुठे ठेवावा हेच मला कळत नसे.

ती कुणासाठी घेतली होती, ते मला आजही माहीत नाही. अक्काही आता नाहीत. गाडी आहे, आणि ती मी चालवते.