पाइपातला वारा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. चौलच्या त्या बंगल्यातल्या फिशटँकमध्ये वारा शिरत होता तो माझ्यामुळे, मेव्हण्यामुळे नाही.

टँक बसवायची कामं आम्ही दोघं मिळून करायचो. पाइप चिकटवणं त्याचं, पंप माझा. त्या दिवशी जेवणं उरकून पंप चालू केला आणि नव्या टँकमधलं सगळं पाणी बारीक बुडबुड्यांनी पांढुरकं झालं. मालकीणबाई म्हणाल्या, "हा टँक आहे की सोड्याची बाटली?"

मला ते लागलं. मी मेव्हण्यावर उलटलो. "सोल्युशन लावतोस की पावावर लोणी? तुझाच कुठला तरी जोड वारा खातोय."

"माझा जोड न्हाय खात, भावोजी," तो म्हणाला. "तुमी पंपाकडचं बगा की येकदा."

बाईंच्या देखत मी त्याला सगळी लाइन कापून परत जोडायला लावली. त्याने जोडली. बुडबुडे तसेच. करवत पिशवीत टाकून तो म्हणाला, "आता तुमचं तुमी बगा," आणि म्हसळ्याची एसटी धरायला निघून गेला.

मग मी हट्टाला पेटलो. टँकचं पाणी खाली ज्या टाकीत गाळायला उतरतं, तिथलं पाणी वाढवलं. वरून पाणी धबाधबा पडत होतं, तिथला व्हॉल्व्ह थोडा आवळला, म्हणजे पाइप भरून वाहील. मध्ये स्पंज बसवला. बुडबुडे कमी झाले, पण काचेला डोळा लावला की धुरळा दिसायचाच. शेवटी बाईंच्या देवघरातली उदबत्ती मागून घेतली. पंप ज्या बाजूने पाणी ओढतो तिथे फट असली तर थेंब बाहेर येत नाही, वाराच आत जातो, आणि त्याच्याबरोबर धूरही. मेव्हण्याच्या एकेका जोडापाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर. पंपाजवळच्या आट्यांच्या जोडापाशी नेली, तर तो वाकून आत शिरला.

तो जोड मी आवळला होता. उघडला तर आत रबरी रिंगच नाही. सकाळी ग्रीस लावायला काढली होती, तेवढ्यात जेवायची हाक आली. माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. सुपारीच्या पुडीला चिकटून रिंग तिथेच होती.

रिंग बसवली. पाणी असं निवळलं की टँकमागची भिंत दिसायला लागली. बाई खूश झाल्या. "म्हणजे तुमच्या त्या माणसाचीच चूक ना?"

मी "हो" म्हणालो. रिंग विसरलो होतो. हा होकार मात्र पूर्ण शुद्धीत दिला.

बाईंनी तेच ओळखीच्या बंगल्यांमध्ये सांगितलं. अलिबागकडे आता मेव्हण्याला कोणी कामाला बोलावत नाही. भाऊबीजेला येतो, बहिणीकडून ओवाळून घेतो, माझ्याशी मीठ पुढे करण्यापुरतं बोलतो.

येत्या भाऊबीजेला जेवण झालं की त्याला गाडीवर मागे बसवून चौलला नेणार आहे. तो नको म्हणाला तरी नेणार. त्या टँकसमोर, बाईंच्या देखत, जोड माझा होता हे सांगायचं त्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.